तिसरी शिट्टी

"तिसरी शिट्टी होईपर्यंत तू बोलायचं, मी गप्प," कुकर चढवत शाल्मलीने आईला बजावलं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिच्या बोलण्याच्या सवयी तपासून 'समोरच्याला बोलू देत नाही' असा शेरा मारला होता. वर हा गृहपाठ.

"मी कसलं बोलतेय?" म्हणत आई भेंडी चिरत राहिली. पहिली शिट्टी झाली. शाल्मलीची जीभ नुसती वळवळत होती.

दुसऱ्या शिट्टीला सुरी थांबली. "बाहेरून दहावी द्यायचा फॉर्म आणलाय गं. तुझ्याबरोबरच परीक्षा येईल. तुला लाज नाही ना वाटणार?"

शाल्मली ताडकन उठली, पण कुकर ढिम्म! आईचा चेहरा उतरला. "जाऊ दे, उगाच आपलं..."

शाल्मलीने दोन बोटं तोंडात घालून तिसरी शिट्टी स्वतःच वाजवली आणि ओरडली, "गणित मी शिकवणार!"