शेवंतीचं वळण

डिचोलीच्या इस्पितळात बाळंतपणाला नेताना शेवंती वाटेत रिक्षातच गेली, पोटातल्या पोरासकट. पुढे वळणावर खनिजाच्या ट्रकांची रांग होती आणि तिची आई गुणवंती एकेका ट्रकच्या दारावर हात आपटत होती, "बाजूक घे रे मेल्या, चेडवाचो जीव जाता!" एकाने काच खाली करून सांगितलं, "मावशे, रांग सोडली तर माझी खेप जाता." नंतर गुणवंती पंचायतीत रडली, मामलेदारासमोर रडली. सगळे हळहळले. ट्रक होते तिथेच राहिले.

मग गावात बातमी पसरली. बाळंतपणात मेलेली बाई अळवंतीण होऊन फिरते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवंती म्हणे तांबडं पोर कडेवर घेऊन त्याच वळणावर उभी असते आणि ट्रकच्या दारावर हात आपटते. जिवंत बाईचा आक्रोश ऐकून न हललेले हे मर्द मेलेलीला असे टरकले, की सगळे ट्रक लांबच्या वाटेने जायला लागले.

पुढच्या वर्षी शेवंतीच्या धाकट्या बहिणीला, सुमंगलाला कळा सुरू झाल्या. रिक्षा सुसाट निघाली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

 

वळण आलं तशी गुणवंतीने सुमंगलाला घट्ट धरलं आणि बाहेर बघत हात जोडले, "शेवंते, बाये, तुझं भूत मीच केलं गो, हिच्या जिवासाठी. आईक माफ कर."