कामर्लिंग उठून उभे राहिले

"इथं बसू का?" कामर्लिंगनी विचारलं.

हिरवा स्कार्फ बांधलेल्या बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा की. जपून हं, खुर्ची करकरते."

अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदरावरचं जुनं कॉफीचं गोदाम. पडदा नाही. रंगमंच नाही. चारी बाजूंना खुर्च्या, मधे मोकळी फरशी.

"या नाटकवाल्या पोरांकडे पहिल्यांदाच?" बाईंनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच."

"मी प्रत्येक नव्या नाटकाला येते. पोरं धीट आहेत."

कामर्लिंगनी हात कोटाच्या खिशात घातले. आज उठायचं. सगळ्यांसमोर बोलायचं. निघताना बायको म्हणाली होती, "आज गप्प बसून परत आलास, तर घरातही माझ्याशी बोलू नकोस."

दीड वर्षापूर्वी:

मोठं नाट्यगृह. मखमल, झुंबरं. कामर्लिंग मंत्र्याच्या वेशात, राजाच्या सिंहासनापुढे, भाषणाच्या ऐन मध्यावर. प्रेक्षकांतून एक टोमॅटो आला आणि त्यांच्या छातीवर फुटला. मग दुसरा. "जिवंत माणसांची नाटकं करा!" विद्यार्थी ओरडत होते. कामर्लिंग पुढचं वाक्य विसरले. पडदा पडला.

तेव्हापासून चार माणसांसमोर उभं राहिलं की घसा बंद.

आता:

फरशीवर फेम्का आली. टोमॅटो मारणाऱ्यांतली एक. तेव्हा पेपरात फोटोच आला होता तिचा. अंगात गोदी कामगाराचा निळा डगला. शहरात राहायला घर न मिळालेल्या बाईची गोष्ट ती सांगत होती. आवाज चढवला नाही, हात उंचावले नाहीत. समोर बसलेला एक हमाल पाइप पेटवायचा विसरला. काडी बोटापर्यंत जळत आली.

कामर्लिंगना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, इतक्या वर्षांत आपण कुणाला पाइप विसरायला लावला नव्हता.

उठले.

बसावं का?

"थांबवा हे!"

आवाज आला होता. स्वतःचाच. गोदामभर माना वळल्या.

"याला नाटक म्हणता?" ते म्हणाले. "शेजारीण जिन्यात हेच बोलते. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?"

फेम्का सावकाश वळली. "अगंबाई, कामर्लिंगसाहेब! राजेसाहेबांनी आज सुट्टी दिली वाटतं?"

हशा.

"टोमॅटो मारणं सोपं असतं, पोरी."

"नेम राजावर होता हो. तुम्ही मधे आलात."

बाजूच्या बाई ताडकन उठल्या. "खाली बसा! तुमच्या नाटकांना मी वीस वर्षं टाळ्या वाजवल्यात. का, माहितीये? जाग राहावी म्हणून!"

गोदाम हसून हसून बेजार.

"बोलू द्या की म्हाताऱ्याला!" हमाल गरजला. "इथंही तोंड दाबणार काय?"

मग कुणाचाच कुणाला धरबंध राहिला नाही. खुर्च्या फिरल्या. कुणी घरभाड्यावर बोललं, कुणी नगरपालिकेवर. एक नवरा आपल्याच बायकोशी भांडू लागला. ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांना "तुमचं बरोबर आहे, पण" म्हणत होती.

कामर्लिंग हळू आवाजात बोलले, आणि हळूच बोलले म्हणून की काय, सगळे थांबले.

"त्या दिवशी मी पुढचं वाक्य विसरलो. खरं सांगू? त्या वाक्याचा अर्थ मला कधी कळलाच नव्हता. पाठ होतं, इतकंच."

फेम्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि मग अर्धी राहिलेली गोष्ट पुढे नेली.

खेळ संपला तरी वाद संपेना. लोक भांडतच बाहेर पडले. दारात बाईंनी कामर्लिंगच्या छातीवर बोट रोखलं.

"मन मोकळं केलंत, छान झालं. पण पोरांच्या खेळात खोडा घालायला पुन्हा येऊ नका!"

"बघतो," कामर्लिंग म्हणाले.

बाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग गोदामाला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरले. फेम्काने धावत येऊन त्यांना मिठी मारली.

"पहिल्याच प्रयोगाला संहिता सोडून बोललात, कामर्लिंग! ते 'पाठ होतं, इतकंच' संहितेतच घेऊ. आणि उद्या दाराजवळच्या खुर्चीतून उठा, आज पलीकडच्या लोकांना तुमचा चेहरा दिसला नाही."