रुमालाखालचं कोटेशन

"पस्तीस हजार," श्रुती म्हणाली आणि कृष्णातराव शेडग्यांच्या काळजात धस्स झालं. आकडा ऐकून नव्हे. आकडा मोठ्यानं बोलली म्हणून.

"हळू गं पोरी!" त्यांनी डावीउजवीकडं पाहिलं. दुपारचं वाशीचं फळमार्केट पेंगुळलं होतं, पण शेजारच्या गाळ्यावरचा वामनशेठ झोपेतही कान उघडे ठेवणारा माणूस. "भाव असा चव्हाट्यावर सांगत्यात व्हय?"

श्रुतीला काही कळेना. गाळ्याची वेबसाइट बनवायचं कोटेशन समजावून सांगायला ती ऐरोलीहून आली होती. तिच्याआधी कृष्णातरावांनी सहा जणांकडून कोटेशनं मागवली होती. सहाही मोबाइलवर आली. कुणाचे बारा हजार, कुणाचे साठ. एकानं तर सुप्रभातचं फूल आणि कोटेशन एकदमच पाठवलं. कृष्णातराव प्रत्येकाला एकच सांगत, गाळ्यावर येऊन बोला. त्यावर सगळे एकजात म्हणाले, काका, कॉलवर बोलू ना. जसा काही गाळ्यावर यायला समुद्र ओलांडायचा होता. धंदा हवा, पण धंदेवाल्याचं तोंड बघायला नको, अशी ही औलाद.

आली ती ही एकटीच.

"मला एक सांग," कृष्णातराव म्हणाले. "वेबसाइट बघून माणसं येत्यात का?"

"ऑर्डर येतात, काका. पेटीचा फोटो, खाली भाव. बटण दाबलं की ऑर्डर."

"ऑर्डर नव्हं. माणसं. हितं, गाळ्यावर."

श्रुती हसली. "अहो, माणसांना यायला लागू नये म्हणूनच तर वेबसाइट असते."

तिनं खोटं सांगितलं नाही. खोटं सांगता आलं असतं तर जास्त कमावलं असतं. कृष्णातरावांना वेबसाइट हवी होती ती माणसं गाळ्यावर यावीत म्हणूनच. दोन मोसम झाले, खरेदीदार फोनवरच भाव विचारत, फोनवरच घासाघीस करत आणि टेम्पो धाडून देत. टेम्पोवाला कानातली वायरसुद्धा काढत नसे. सानपाड्याला घरी गेलं की एक टीव्ही तेवढा बोलायचा.

शेवटी ते म्हणाले, "बरं. भाव करू." खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी उजव्या हातावर टाकला आणि झाकलेला हात पुढं केला. "घाल हात."

श्रुती ताडकन उठली. कुठलीही शहाणी पोरगी उठली असती. "काका, हे काय?"

"आरं कृष्णात!" वामनशेठ पलीकडून ओरडला. जागाच होता. "पोरगी भिली ना! सांग तिला आपला धंदा कसा हाय तो." मग तिलाच म्हणाला, "भिऊ नको गं बाय. आमचा भाव तोंडानं नाय, बोटांनी होतो. मी हाय ना इथं."

कृष्णातरावांनी ओशाळून समजावलं. आधी दहाचे, मग सुटे. जितकी बोटं धरशील तितका आकडा. शेजाऱ्याला कळता कामा नये. आणि रुमालाखाली दिलेला शब्द फिरत नाही. बापाचा बाप आला तरी.

श्रुतीनं ओढणी सावरली, वामनशेठकडं एकदा पाहिलं आणि रुमालाखाली हात घातला. त्यांची तीन बोटं धरली. तीस. मग पाची बोटं, अख्खा पंजा. पाच.

आता पाळी कृष्णातरावांची. दोन बोटं धरायची, वीसवर आणायचं, पंचविसात मिटवायचं. या हातानं चाळीस वर्षं भल्याभल्या खरेदीदारांना घाम फोडला होता. पण तिच्या मुठीची ऊब अजून पंजावर होती. त्यांनी तिचा हात धरला. अख्खा. पाची बोटं. आणि सोडायचं विसरले.

"काका."

ते समोर बघत राहिले.

"काका, हात सोडा. आणि पन्नास? मी पस्तीस सांगितले, तुम्ही पन्नास कसे देताय?"

वामनशेठ खो खो हसत सुटला. "भाव पाडायचा सोडून चढवला! येडा झायलास काय रं?"

कृष्णातरावांनी हात सोडला. कानाच्या पाळ्या तापल्या. आकडा चुकला म्हणावं तर धंद्याची लाज. चुकला नाही म्हणावं तर त्याहून मोठी.

"दिले पन्नास," ते म्हणाले.

"नको काका, मी पस्तीसच लावते. वरचे पंधरा कशाचे घेऊ?"

"शब्द गेला माझा."

"पण कोटेशनमध्ये दाखवू काय?" श्रुतीनं लॅपटॉप उघडला. "कामाचं नाव लिहावं लागतं."

"महिन्यातनं एकदा यायचं. वरीसभर."

"येते. पण येऊन काय करू? फोटो बदलू? भाव बदलू?"

"ते तू घरनं कर."

"मग?"

कृष्णातरावांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. गाळ्यात थप्पीनं रचलेल्या पेट्यांकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. वामनशेठ हसायचा थांबला होता.

"बसायचं," ते म्हणाले. "तसंच लिही."

श्रुतीनं वर पाहिलं नाही. होस्टिंगच्या खाली आणि एकूणच्या वर तिनं एक ओळ वाढवली.

बसणे. नग बारा.