माठातले नाना

फिल्टर बसवायला आलेल्या झरीनाने भिंतीला भोक पाडण्याआधी नियमाप्रमाणे विचारलं, "काकू, घरच्या पाण्यात कुणी आहे का?"

वत्सलाकाकूंनी ओट्यावरच्या माठावर हात ठेवला. "आमचे नाना आहेत. सहा वर्षं झाली."

गेलेल्या माणसाची बोलणी निरुपद्रवी जिवाणूंमध्ये साठवून माठात जपायची आता रीतच पडली होती. पण दोनदा कावीळ झाल्यावर डॉक्टरांनी काकूंना बजावलं होतं की पाणी शुद्ध करूनच प्या.

"तुझ्या फिल्टरमधल्या त्या जंतू मारणाऱ्या दिव्याने हे जातील ना गं?"

"नाही हो काकू! दिवा त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातलेच जंतू मारतो. पुढे पाण्यात दिव्याचा काही असर उरत नाही. माठात खुशाल घाला, फक्त माठातलं फिल्टरमध्ये ओतू नका."

फिल्टर सुरू झाला. काकूंनी पहिला तांब्या माठात ओतला आणि नानांना बोलतं करायला झाकणावरची कळ दाबली.

"कशाला हवंय ते मशीन?" नाना खेकसले. "नळाचं पाणी पिऊन मी मेलो का?"

झरीनाला हसू आवरेना.

"बोला, बोला," काकू डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःसाठी फिल्टरचं भांडंभर पाणी घेतलं.