वर आलेला सुळा

"सर, शेवटच्या भागात आपण त्याला उन्हात जाळतोय," मालिकेचा दिग्दर्शक फोनवर म्हणाला.

"माझ्या एकाही कादंबरीत तो रक्तपिशाच्च मरत नाही," लेखक म्हणाले.

"कादंबरीत राहू द्या की जिवंत. आम्हाला मालिका गुंडाळायचीय."

ऐन विशीतला मुलगा तापाने गेला, त्यानंतरच लेखकांनी ही कादंबरीमाला सुरू केली होती. मुलाचा वर आलेला सुळा, तो लपवायला तोंडावर हात धरून हसणं, सगळं त्यांनी त्या रक्तपिशाच्चाला दिलं होतं. कधीच न मरणारं दुसरं कुणी त्यांना सुचलं नव्हतं. भुताखेतांची पुस्तकं हातातही न धरणारी बायको मालिका मात्र रोज बघायची. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटचा भाग लागला. पडद्यावर उजाडू लागलं. कोवळ्या उन्हात त्याचा हात धुमसला, आणि तोच हात तोंडावर धरून तो हसला.

"बंद करू का?" लेखकांनी विचारलं.

ती उठली. कमरेला खोचलेला पदर तिने सोडवला आणि दोन्ही हातांनी टीव्हीसमोर धरला.

"अहो, बघत काय बसलात? ऊन लागतंय त्याला."