गोल वॉर्ड

मुरबाडला नवा दवाखाना झाला, त्यात मुलांचा वॉर्ड अख्खा गोल बांधला होता. पांढरा, काचेचा, उन्हानं भरलेला. धूळ साचायला कुठं कोपराच ठेवला नव्हता.

वैशाखरे गावच्या गंगीची रुपा तिथं तापानं पडून होती. घरी चुलीमागच्या कोपऱ्यात बसणारी पोर. सारखी एकच विचारायची, "आये, बसू कुठं? हितं कोपराच नाय." तिथंच ती गेली.

बाराव्याच्या रात्री गंगीनं रीतीप्रमाणं दिव्यापाशी तांदळाचं पीठ पसरलं. गेलेलं माणूस घरी येऊन त्यात पाऊल उमटवतं. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं.

ओटीत पीठ घेऊन ती वॉर्डात आली. नर्स योगिनी म्हणाली, "पसरा मावशी, मी पुसून घेईन."

गंगीनं भिंतीच्या कडेकडेनं पीठ भुरभुरलं.

भर उन्हात, दोघींच्या देखत, त्यात एक इवलंसं पाऊल उमटलं. मग दुसरं. पावलं भिंत धरून चालू लागली. फेरी पुरी झाली, तरी थांबेनात.

गंगी भिंतीला खेटून बसली. अंग आणि भिंत यांच्यामध्ये तिनं जागा केली. "रुपा, हितं बस गो. ह्यो बघ कोपरा."

पावलं तिच्यापाशी येऊन थांबली. मग तिला वळसा घालून पुन्हा भिंतीला लागली.