कढईत सापडलेलं नाव

“अजून डावीकडे,” मार्सुदी म्हणाले.

खिडकीबाहेर स्टुलावर उभ्या असलेल्या एंदाहने कढई तसूभर डावीकडे वळवली. कढई स्वयंपाकघरातलीच. तिच्या मधोमध अंगठ्याएवढं वायफायचं यंत्र बसवलेलं, आणि त्याची लांब वायर खिडकीतून आत, टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत. वोनोसोबो या डोंगराळ गावाच्या उतारावर निम्म्या घरांचं इंटरनेट असंच चालतं. कढईचं तोंड ज्या घराकडे, त्या घराची रेंज. मंगळवारच्या वाऱ्याने हे तोंड फिरलं, आणि सुरिनामच्या मित्राशी चाललेल्या बुद्धिबळाच्या डावात मार्सुदींचा घोडा तीन दिवस जागच्या जागी अडकून पडला.

एंदाह शेजारीण. शाळेत संगणक शिकवते. चाळिशीची, तोंडाने फटकळ, पण एका हाकेला येते.

“पाकदे, मला इथून लॅपटॉपचा पडदा दिसत नाही,” ती म्हणाली. थोरल्या काकांना म्हणतात तसं ती त्यांना पाकदे म्हणे. “वायफायचं जे नाव येईल ते मोठ्याने वाचत जा. आपल्या मशिदीचं आलं की मी थांबते.”

दुपारचे तीनच वाजले होते, पण धुकं खाली उतरलं होतं. दरी नव्हती, चहाचे मळे नव्हते, समोरचं घरसुद्धा नव्हतं. त्या नाहीशा झालेल्या गावातून पडद्यावर एकेक नाव हळूच वर येत होतं. मार्सुदींनी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली होती. आज बऱ्याच दिवसांनी त्यांना तसं वाटत होतं, आणि बरं वाटत होतं.

“‘स्वतःचं घ्या की’,” त्यांनी वाचलं.

“ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं. फिरवते.”

“‘सासूला सांगू नका’.”

“हे कुणाचं ते मला माहीत नाही. असतं तरी सांगितलं नसतं.”

आत तेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळत असलेली लास्मी, मार्सुदींची बायको, हसली.

कढई आणखी सरकली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक नाव आलं. मार्सुदींनी ते वाचलं नाही.

“आलं का काही?”

त्यांनी लॅपटॉप जरा जवळ ओढला.

“पाकदे, झोपलात काय? नाव सांगा.”

तीन वर्षांपूर्वी मुलगी आपल्या मनाने लग्न करून निघून गेली, तेव्हा मार्सुदींनी बजावलं होतं, तिचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. लास्मीने काढलं नाही. शेजाऱ्यांनीही काढलं नाही. लॅपटॉप तिचाच होता. तो मात्र त्यांनी ठेवून घेतला होता, आणि त्यावरून ते अधूनमधून स्वतःवरच चिडत.

“‘पालुपीचा फोन’,” मार्सुदी म्हणाले.

आतला झारा थांबला. तेल नुसतंच चुरचुरत राहिलं. आपल्याच तोंडून निघालेलं ते नाव ऐकून मार्सुदींना रडू येईलसं झालं, आणि त्याचा रागही आला.

“तिकडे तर घरच नाही,” एंदाह सावकाश म्हणाली. “तिकडे बसथांबा आहे.”

“आज शुक्रवार आहे,” लास्मी दारात येऊन म्हणाली. “दर शुक्रवारी येते ती. तासभर बसते, मग परत जाते.”

“तुला कसं माहीत?”

“तीन वर्षं दर शुक्रवारी मी तेम्पे आणायला जाते. दोन माणसांना एवढा कसला तेम्पे लागतो, एकदा तरी विचारलंत? ती फोनचं नेट चालू करते, त्यावरून मी माझ्या फोनवर नातीचे फोटो घेते. आज तुम्ही दोघं इथेच ठाण मांडून बसलात, तुमच्यासाठी उरलासुरला तेम्पे तळण्यात मला निघता आलं नाही.”

नात. मार्सुदींनी तो शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला.

पडद्यावर छोटं चक्र फिरलं. लॅपटॉपने कुणाची परवानगी घेतली नाही, पासवर्डही विचारला नाही. तो आपला जुन्या ओळखीवर जाऊन जोडला गेला. बसथांबा लांब, म्हणून रेंजची एकच काडी होती, तीही मधेच विझत होती.

“जोडलं गेलं,” मार्सुदी म्हणाले.

“मग तिच्या फोनवरही दिसलं असेल, पाकदे. घरचा लॅपटॉप आला म्हणून.” एंदाह क्षणभर थांबली. “कढई फिरवली की तुटेल. मशीद थोडी पुढेच आहे. फिरवू?”

मार्सुदींना वाटत होतं, त्या वेळी आपलंच बरोबर होतं. अजूनही वाटत होतं. पण पोर तिकडे धुक्यात बसली आहे आणि आपण इथे खुर्चीत, हे काही बरोबर नाही, असंही आता वाटत होतं.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे.”

मग कुणी हललं नाही. धुकं खिडकीतून आत येऊन टेबलापर्यंत पोचलं. काडी एकच होती. एकदा तीही गेली, तेव्हा मार्सुदी खुर्चीतून अर्धे उठले. पुन्हा आली. थोड्या वेळाने एकीच्या दोन झाल्या. मग तीन.

“अशीच,” मार्सुदी म्हणाले. “बरोबर फिरवते आहेस, एंदाह. सावकाश.”

“मी?” खिडकीबाहेरून एंदाह म्हणाली. “पाकदे, मी तर हातही लावलेला नाही.”